घड्याळ १७१ म्हणतंय, चालणं सोडू का?

पत्र, थोडक्यात

फोंडा तालुक्यातल्या ५४ वर्षांच्या एका बाईंनी लिहिलंय. मुलगा बोटीवर नोकरीला. गेल्या सुट्टीत त्याने आईला ठोके मोजणारं मनगटी घड्याळ आणलं आणि ते आपल्या फोनलाही जोडून घेतलं. बाई पाच वर्षं नेमाने चालतात: आठवड्यातले पाच दिवस, चाळीस मिनिटं, फर्मागुडीच्या चढावर. घड्याळ आल्यापासून चढावर आकडा लाल होऊ लागला. नवरात्रात एका सकाळी, आदल्या रात्रीचा मखरोत्सव (देवळात मखरात बसवलेल्या देवाला झुलवण्याचा सोहळा) बघून उशिरा झोपल्यामुळे, साडेआठला निघाल्या. उपास होता, पोटात फक्त दोन कप चहा. चढ संपताना नेहमीप्रमाणे थोडं धावल्या तेव्हा घड्याळ थरथरलं: १७१. त्यांचे वडील ५८ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. बाई कट्ट्यावर बसल्या, पायलट (मोटरसायकल टॅक्सी) करून घरी आल्या आणि तीन आठवडे चालायला गेल्या नाहीत. मुलगा भर समुद्रातून आकडे बघून फोन करतो. नवऱ्याची (वय ६१) दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, गोळ्या चालू आहेत. त्यांनी तेच घड्याळ घालून तोच चढ चढला तर १०४! "माझं हृदय तुझ्यापेक्षा तरणं" म्हणून ते खूश. बाई विचारतात: २२० वजा वय, म्हणजे १६६ ही माझी मर्यादा. ती ओलांडल्याने हृदयाला इजा झाली असेल का? चालणं सोडू की घड्याळ सोडू? शिवाय पट्ट्याखाली मनगटाला खाज सुटते, ती त्या हिरव्या किरणांमुळे का?

उत्तर

ताई,

पत्र दोनदा वाचलं. त्यात घड्याळ कसं थरथरलं ते आहे, आकडा कोणत्या रंगाचा झाला ते आहे, पायलटने घरी सोडायचे किती घेतले तेही आहे. पण त्या वेळी तुम्हाला स्वतःला काय होत होतं, यावर एक ओळ नाही. छातीवर दाब आला? घेरी आली? दम इतका लागला की शब्द फुटेना? की आकडा दिसेपर्यंत सगळं रोजच्यासारखंच होतं, आणि पाय लटपटले ते आकडा बघितल्यावर? हे फक्त तुम्हीच सांगू शकता, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

मी डॉक्टर नव्हे. शाळेत बत्तीस वर्षं शिटी फुंकली, पोरांना पळवलं, त्यांच्या नाड्या मोजल्या. निवृत्तीनंतर सवयीने स्वतःची मोजतो. त्यामुळे एक गोष्ट आधीच बाजूला काढतो. चढताना छातीत दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखं होत असेल आणि थांबल्यावर ते जात असेल. जबडा, मान, पाठ किंवा हात दुखत असेल. डोळ्यांपुढे अंधारी येत असेल. किंवा पाच वर्षं सहज होणारा चढ गेल्या महिन्याभरात एकाएकी जड झाला असेल, तर माझं उत्तर पुढे वाचू नका, आधी डॉक्टरांकडे जा. बायकांमध्ये हा त्रास पुष्कळदा मळमळ, अपचन, कारण नसलेला थकवा अशा साध्या वेषात येतो आणि 'काल हुमण तिखट झालं होतं' म्हणून सोडून दिला जातो. बसल्यावरही त्रास थांबत नसेल तर सरळ १०८. पायलट नाही, शेजाऱ्याची स्कूटर नाही. त्या वेळी घड्याळ शांतपणे ८० दाखवत असलं तरी. ही घड्याळं हृदयविकाराचा झटका ओळखत नाहीत. ज्यांत ईसीजीची सोय आहे तीही ओळखत नाहीत. ॲपलने तर आपल्या घड्याळाबद्दल हे स्पष्ट लिहूनच ठेवलंय.

यातलं काही नव्हतं असं धरून पुढे लिहितो. मला तसंच वाटतंय, कारण छातीत दुखलं असतं तर पायलटच्या भाड्याआधी तुम्ही ते लिहिलं असतं.

तो १७१ मुळात खरा होता का?

घड्याळ काढून उलटं करा. पोटाला हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. ठोका पडला की कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. दोन ठोक्यांच्या मधे तो पुन्हा वाढतो. घड्याळ हा चढउतार मोजतं. तुम्ही सोप्यावर बसला असाल तर मनगटातल्या रक्ताची ही भरती-ओहोटी फक्त हृदयामुळे होते. धावताना मात्र पावलागणिक हाताला हिसका बसतो आणि त्या हिसक्यानेही रक्त हिंदकळतं. घड्याळ दोहोंची फोड करू बघतं, पण कधी कधी फसतं आणि हृदय सोडून पावलं मोजत बसतं. सावकाश धावणाऱ्याची पावलं मिनिटाला साधारण १५० ते १७५ पडतात. तुम्ही लिहिलंय, 'चढ संपताना थोडं धावले, तेव्हा १७१'. माझा संशय त्याच ओळीवर आहे.

माझंच सांगतो. जानेवारीतल्या एका सकाळी मिरामारहून दोनापावलाच्या दिशेने हळूहळू धावत होतो. घड्याळ १३० च्या आसपास होतं, ते एकदम १६६ वर गेलं आणि तिथेच चिकटलं. सोबतच्या मित्राला मी पणजीत गाडी लावायला जागा कशी मिळत नाही ते सांगत होतो, चांगल्या लांबलचक वाक्यांत. १६६ ठोके पडत असताना माझ्या वयाचा माणूस पार्किंगवर भाषण देऊ शकत नाही. थांबलो, नाडीवर बोटं ठेवली: पंधरा सेकंदांत ३३, म्हणजे मिनिटाला १३२. पुन्हा धावायला लागलो आणि या खेपेला पावलं मोजली: पंधरा सेकंदांत एकदा ४१, एकदा ४२. घड्याळ माझ्या बुटांची नाडी बघत होतं!

दुसरा संशय बांगड्यांवर. तुम्ही त्याबद्दल लिहिलं नाही, पण आमच्या घरी हे रोजचं आहे. घड्याळ बांगड्यांच्या खाली, अगदी मनगटाच्या हाडावर, आणि 'वळ उठतो' म्हणून सैल. चालताना बांगडी त्याला ढकलते, फटीतून उजेड आत शिरतो आणि आकडे वाटेल तसे नाचतात. व्यायामाच्या वेळी घड्याळ हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला सरकवा. पट्टा इतका घट्ट हवा की हात हलवल्यावर घड्याळ जागचं हलणार नाही, पण बोटांना मुंग्याही येणार नाहीत. घरी आलात की सैल करा. बांगड्या आणि घड्याळ वेगवेगळ्या हातांत. त्या जागी गडद गोंदण असेल तर हात बदला, शाई प्रकाश अडवते.

मग बोटांनी पडताळा. चढावर घड्याळ काहीतरी भलतं दाखवील तेव्हा थांबा आणि अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या कडेला, तर्जनी व मधलं बोट हलकेच ठेवा. अंगठ्याने मोजू नका, त्याला स्वतःची नाडी असते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. पण लगेच, कारण थांबल्यावर ठोके भराभर उतरतात. पिशवीतून चष्मा शोधून काढेपर्यंत वीसेक ठोके गेलेले असतात. दोन-तीन दिवस असं केलंत की तुमचं घड्याळ कुठे खरं बोलतं आणि कुठे थापा मारतं ते कळेल. सपाटीवर चालताना बहुतेक खरंच बोलेल. छातीला बांधायचे पट्टेही मिळतात. ते हृदयाची विद्युत लहर पकडतात, म्हणून धावतानाही कमी चुकतात. शर्यतीची तयारी करणाऱ्याने जरूर घ्यावा. तुम्ही चढावर चालण्यासाठी तो खर्च करावा असं मला वाटत नाही.

आता समजा, बोटांनी मोजूनही १७१ च आले. मग?

तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द 'मर्यादा'. २२० वजा वय हे सूत्र तुम्ही महामार्गावरच्या वेगमर्यादेच्या पाटीसारखं वाचताय: ओलांडलं की गुन्हा. ते सूत्र १९७१ साली फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या लेखातून पसरलं. तेव्हा हाताशी असलेल्या काही थोड्या अभ्यासांतले ठिपके कागदावर मांडून त्यांमधून नजरेने ओढलेली ती रेघ होती. डोक्यातल्या डोक्यात करता येणारी वजाबाकी, म्हणून व्यायामशाळांच्या भिंतींवर आणि पुढे घड्याळांत जाऊन बसली. २००१ साली तानाका आणि सहकाऱ्यांनी बरीच जास्त माहिती तपासून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र दिलं. त्याप्रमाणे तुमची कमाल १७० येते. २०१० साली गुलाटी आणि सहकाऱ्यांनी फक्त स्त्रियांच्या तपासण्यांवरून २०६ वजा वयाच्या ०.८८ पट असं मांडलं, त्याप्रमाणे १५८. एकच बाई, एकच हृदय आणि तीन सूत्रांचे तीन आकडे: १६६, १७०, १५८. शिवाय ही सगळी सरासरी. एकाच वयाच्या माणसांची खरी कमाल सरासरीपासून दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणं अगदी सर्वसाधारण, आणि काहींची त्याहूनही लांब असते.

त्यातून निघतं ते असं. धावताना तुमचे ठोके खरोखर १७१ झाले असतील तर तुमची कमाल निदान १७१ आहे, बस्स. सूत्र तुमच्यासाठी खोटं ठरलं. तुम्ही सूत्राचा काही अपराध केला नाहीत. निरोगी हृदयाला केवळ तो आकडा पार केल्याने इजा होत नाही.

एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवा. श्रम नसताना, म्हणजे बसल्या-बसल्या किंवा ओट्याशी उभ्या असताना, ठोके एकदम १५०-१६० वर उडी मारत असतील, छातीत फडफड होत असेल, बोटांखाली नाडी ताल चुकवत असेल किंवा घड्याळ पुन्हा पुन्हा 'अनियमित' म्हणत असेल, तर ती गोष्ट वेगळी. त्या वेळचा आकडा आणि वेळ लिहून डॉक्टरांना दाखवा. तिथे घड्याळ खरंच उपयोगी पडतं.

आता त्या सकाळचा हिशेब मांडू, कारण तो तुमच्याच पत्रात सांडलाय. मखर हलताना बघून घरी यायला मध्यरात्र उलटली, म्हणजे झोप अपुरी. उपास, म्हणजे अंगात पाणी कमी. वर दोन कप चहा. आणि साडेआठचं ऊन. पाऊस सरतानाची आपल्याकडची हवा कशी असते ते फोंडेकरणीला मी काय सांगावं! घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळला तरच अंग गार होतं. तो नुसता निथळत राहिला तर अंग गार करायला हृदयाला कातडीकडे जास्त रक्त पाठवावं लागतं. घामातून पाणी गेल्यामुळे प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी होतं, ती भरपाई ठोके वाढवून होते. म्हणून तोच चढ, तोच वेग, तीच बाई, पण जानेवारीत एक आकडा आणि ऑक्टोबरात दुसरा. मी स्वतः एकाच चढावर थंडीत आणि मे महिन्यात मोजून पाहिलंय, बारा-पंधरा ठोक्यांचा फरक पडतो. यातली प्रत्येक गोष्ट थोडीथोडी भर घालते, आणि त्या दिवशी तुम्ही सगळ्या एकदम गोळा केल्या होत्या.

तेव्हा त्या सकाळबद्दल मी तुम्हाला रागावणार असेन तर १७१ साठी नाही. उपासाच्या दिवशी पाणी न पिता, उन्हात, चढावर धावलात यासाठी.

मग श्रम मोजायचे कशाने? जुनी रीत आहे, व्यायाम शिकवणारे आणि डॉक्टर आजही वापरतात: बोलून बघायचं. आपण ती आरतीने करू. चालताना घुमट आरतीतली (घुमट या वाद्यावर म्हणतात त्या आरतीतली) एखादी ओळ तालासुरात म्हणता येत असेल तर चाल सावकाश आहे. आरती म्हणता येत नाही, पण बरोबरच्या बाईला कालची गोष्ट पूर्ण वाक्यांत सांगता येते, ती मध्यम. तुमच्यासाठी बहुतेक वेळ हीच. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो ती जोरकस. तीही वाईट नाही, पण थोडा वेळ, आणि डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावर. शब्दच फुटत नसेल तर वेग कमी करा, आकडा काहीही असो.

ही रीत गावठी वाटेल, पण घड्याळाचे रंग तरी कुठून येतात? त्याच वजाबाकीतून. अमेरिकन हार्ट असोसिएशन मध्यम व्यायामासाठी कमाल ठोक्यांच्या ५० ते ७० टक्के सांगते. कमाल १६६ धरली तर मध्यम पट्टा ८३ ते ११६. पण तुमची खरी कमाल १८० असली तर तोच पट्टा ९० ते १२६ होतो. म्हणजे १२४ वर तुम्ही गप्पा मारत आरामात चालत असता आणि घड्याळ रंग बदलून तुम्हाला घाबरवत असतं. बहुतेक घड्याळांच्या ॲपमध्ये कमाल ठोके स्वतः भरायची सोय असते. तिथे काय भरायचं ते आधी तपासणीतून कळू दे.

कारण तपासणी करायचीच आहे. घड्याळाने ओरडा केला म्हणून नव्हे; ५४ वय, पाळी थांबण्याचा काळ आणि वडिलांचा इतिहास, एवढं त्यासाठी पुरेसं आहे. वडिलांबद्दल एक सांगतो. घराण्यातला हृदयविकार 'लवकरचा' म्हणून डॉक्टर विशेष धरतात तो वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत झाला तर. तुमचे वडील त्या रेघेच्या पलीकडे होते. यावर निर्धास्त होऊ नका, पण मनात जे चाललंय की 'बाबा ५८ ला गेले, मला चारच वर्षं उरली', तो हिशेब कुठल्याही शास्त्रात बसत नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्या. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड विसरू नका. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढलेलं असलं तरी ठोके वर जातात, आणि आपल्या बायका घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट फायलीत लावतात, स्वतःचं हिमोग्लोबिन मात्र शेवटच्या बाळंतपणानंतर बघितलेलं नसतं. डॉक्टरांना गरज वाटली तर ते ट्रेडमिलवर चालवून ईसीजी काढतील. ती चाचणी झाली तर एक प्रश्न जरूर विचारा: 'माझे ठोके जास्तीत जास्त किती गेले आणि तेव्हा ईसीजी कसा होता?' ते उत्तर तिन्ही सूत्रांपेक्षा मोलाचं.

भाऊजींकडे वळतो, कारण खरी काळजी मला त्यांची वाटली. त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर नाव बघा. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, ॲटेनोलोल असं 'लोल'ने संपणारं काही आहे का? अँजिओप्लास्टीनंतर पुष्कळांना ही गोळी असते. तिचं कामच ठोके आवरून धरणं. मग १०४ हा आकडा तरण्या हृदयाचा नसून वेळेवर घेतलेल्या गोळीचा. अशा माणसाला २२० वजा वय लागू पडत नाही. घड्याळ त्यांना सांगेल, 'अजून हिरव्यातच आहात, वेग वाढवा', आणि ते तुम्हाला मागे टाकायच्या ईर्ष्येने वाढवतील. त्यांनीही आरतीच म्हणावी, आणि कितपत जोर करायचा ते आपल्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. आणखी एक: आकडा वर जात नाही म्हणून गोळी चुकवायची नाही. ही गोळी एकदम बंद करणं धोक्याचं असतं. तुमचं घड्याळ त्यांनी घालूही नये. त्यात वय आणि वजन तुमचं भरलेलं आहे.

चिरंजीवांचं काय करायचं? भेट प्रेमाची आहे, त्यात खोट नाही. पण विचार करा, भर समुद्रात तीन तासांनी नेट येतं आणि त्याला दिसतो एक लाल ठिपका: आई, सकाळी ९.१०, १७१. आई तेव्हा धावत होती, पडली होती की कुणाशी भांडत होती, ठिपक्यात काही नाही. तिथून तो करणार काय? फोन. फोन आला की तुम्ही मनगटाकडे बघता, बघितलं की धडधड, धडधडीने आकडा वर, तो पुन्हा त्याच्या फोनवर. दिवसातून तीस वेळा घड्याळ बघते, असं तुम्हीच लिहिलंय. दोन महिन्यांसाठी ही जोडणी बंद ठेवा. त्याला न सांगता नको, सांगून. म्हणा, 'बाबू, दर रविवारी मी स्वतः तुला सांगेन किती दिवस चालले आणि कसं वाटलं. तपासणीचे रिपोर्टही पाठवीन. मधे काही झालं तर बाबा फोन करतील.' बोटीवरच्या मुलाला रोजच्या ठिपक्यापेक्षा आईचा आवाज जास्त धीर देतो. हे मी अंदाजाने नाही लिहीत; माझा धाकटा भाऊ वीस वर्षं बोटीवर होता आणि आमची आई पत्रात फक्त 'बरी आहे, आंबाडे धरले' एवढंच लिहायची.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पाच दिवस, चाळीस मिनिटं, म्हणजे तुमची २०० होत होती. पाच वर्षं. पाऊस, चतुर्थी, पाहुणे सांभाळून. हे करणाऱ्या बाया मला फार भेटत नाहीत, म्हणून हे तीन आठवडे मला खटकले.

रिपोर्ट ठीक आले की पुन्हा सुरू करा, पण थेट चढावर नको. पहिला आठवडा क्रांती मैदानाच्या बाजूला किंवा जवळच्या सपाट रस्त्यावर. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकला की निघायचं, ऊन चढायच्या आत परत. निघण्याआधी पेलाभर पाणी. उपासाच्या दिवशी सपाटीवरच, रमतगमत. दुसऱ्या आठवड्यात अर्धा चढ, तिसऱ्यात गोपाळ गणपतीच्या देवळापर्यंत. पहिली दहा मिनिटं मुद्दाम सावकाश, आणि शेवटी एकदम थांबून कट्ट्यावर बसायचं नाही, पाच मिनिटं रेंगाळत चालायचं. शेवटचं धावणं सध्या राहू दे. घड्याळ घालायचं असेल तर खुशाल घाला, पण धोक्याची थरथर बंद करा आणि तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून ठेवा.

आणि कालनिर्णयमध्ये, जिथे दुधाचा हिशेब लिहिता, त्याच चौकोनात दोन गोष्टी लिहा: अंथरुणातून उठण्याआधीची नाडी, आणि चढाला लागलेली मिनिटं व तेव्हाची आरतीची पायरी. दीड-दोन महिन्यांनी पानं उलटून बघा. सकाळची नाडी रोज चार-पाच ठोके इकडेतिकडे होणारच. पण ती सलग काही दिवस नेहमीपेक्षा आठ-दहाने वर असेल तर अंगात काहीतरी चाललंय: कणकण, जागरणं, चिंता. त्या दिवसांत विश्रांती घ्या, आणि उतरली नाही तर दाखवा. उलट तोच चढ कमी मिनिटांत, गप्पा मारत होऊ लागला, तर पाय सुधारताहेत असं खुशाल समजा.

हौस असेल तर आणखी एक. चढ संपल्यावर सावकाश चालत एका मिनिटात ठोके किती उतरतात ते मोजा. ट्रेडमिलच्या चाचणीत पहिल्या मिनिटात १२ पेक्षा कमी उतरले तर डॉक्टर त्याची नोंद घेतात. हे मात्र बोटांनीच करा, घड्याळाचा आकडा मागे रेंगाळतो. आणि एकदा कमी आलं म्हणून पायलट बोलवू नका. सरळ पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा.

राहिली खाज. हिरवा दिवा हा साधा दिवाच आहे, एक्स-रे नव्हे, त्याने कातडी भाजत नाही. खाज आपल्या हवेची आहे: पट्ट्याखाली घाम, त्यात भांड्यांच्या साबणाचा फेस, आणि ते सगळं दिवसभर ओलंच. पट्टा रोज साध्या पाण्याने धुवा, मनगट आणि पट्टा दोन्ही कोरडे झाल्यावरच घाला, भांडी घासताना आणि रात्री झोपताना काढून ठेवा. पुरळ उठलं असेल तर बरं होईस्तोवर घड्याळ दुसऱ्या हातात. म्हणजे तेवढे दिवस बांगड्या या हातात येतील, त्यांचं काय ते बघा.